जाड दात

दुसऱ्याची वस्तू आपल्या हातून मोडावी, आणि तीही सगीराची, त्यापेक्षा बानाबाईला आपला हात मोडलेला परवडला असता. हात काय, प्लास्टरात घातला की महिन्या-दीड महिन्यात जुळून येतो. शेवयांच्या मशीनचं गिअर आपलं आपण जुळून येत नाही.

झालं असं, की मुकुंदवाडीतल्या आपल्या घरापुढे बाजेच्या कडेच्या लाकडाला मशीन आवळून बानाबाई शेवया करत बसली होती. मशीन जुन्या घडणीची, बिडाची, हाताने फिरवायची. दांडा फिरवला की छोटं दातेरी चाक फिरायचं, ते मोठ्या चाकाला फिरवायचं, आणि आतला स्क्रू कणकेचा उंडा जाळीतून पुढे रेटायचा. या मशीनला एक खोड होती. दर फेऱ्याला एका ठिकाणी दांडा किंचित अडायचा. तिथे मनगटाने हलकासा हिसका दिला की गपगुमान पुढे जायचा. बानाबाईच्या हाताला तो हिसका इतका अंगवळणी पडला होता, की ती झोपेतही शेवया करू शकली असती.

पण झोपेत करणं वेगळं आणि फोनवर बोलत करणं वेगळं. कन्नडहून भावजयीचा फोन आला. फोन खांद्यात दाबून बानाबाई भावजयीच्या सुनेची गाऱ्हाणी ऐकत होती आणि त्या नादात हिसक्याचं भान सुटलं. दांडा अडला. सुनेवरचा राग असेल की काय कोण जाणे, तिने सगळा जोर लावला. कट्‌ असा आवाज झाला, दांडा मोकळाच गरकन फिरला आणि छोट्या चाकाचे दोन दात बाजेखाली पडले. भावजय पलीकडून बोलतच होती. बानाबाईच्या तोंडचं पाणी पळालं.

मशीन सगीराची. सगीरा म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण. मेंढरं विकून बानाबाई आणि तिचे मालक आप्पा कन्नडकडून शहरात आले, तेव्हा गॅस पेटवायची तिला धास्ती वाटायची. सगीराने तिचा हात हातात धरून काडी ओढायला शिकवलं. सगीराच्या लेकीच्या, आमरीनच्या, जन्माच्या वेळी घाटी दवाखान्यात रात्रंदिवस बसली ती बानाबाई. अशा बाईची वस्तू वापरायची तर ती कशी वापरावी, याचे बानाबाईचे स्वतःचे कायदे होते. मशीन जमिनीवर टेकवायची नाही. काम झालं की पुसून, तेलाचं बोट फिरवून आपल्या जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळायची. पहिल्या उंड्याच्या शेवया सगीराच्या घरी. परत करताना रिकाम्या हाताने जायचं नाही. आणि त्या अडण्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत, हे मेंढरांत वाढलेल्या बाईला कुणी शिकवायला नको होतं.

तिच्या धास्तीला आणखी एक कारण होतं आणि ते तिने सगीरालाही कधी सांगितलं नव्हतं. बानाबाईची थोरली बहीण एका तांब्याच्या घागरीपायी तिला तुटली. लग्नाला म्हणून तिच्याकडून मागून आणलेली घागर पोचा पडून परत गेली. बहीण एक शब्द बोलली, बानाबाई दोन बोलली. बहिणीने दार लावून घेतलं. ते दार पुन्हा उघडलं ते तिच्या मयतीला. तेव्हापासून बानाबाईने मनाशी पक्कं केलं होतं, की जिथं जीव आहे तिथं तोंड उघडायचं नाही. सगीराशी ती इतक्या वर्षांत एकदाही भांडली नव्हती. दोघी एकमेकींना अजून ‘अहो-जाहो’च करत.

आणि आता रोजे सरत आले होते, ईद तोंडावर. सायंकाळी भिंतीवरून सगीराचा आवाज आलाच. “बानाबाई, तुमच्या शेवया झाल्या की मशीन मला द्याल का? तुमचं होऊ द्या पण आधी. जल्दी नाय.”

आपलीच वस्तू मागताना बाई ‘द्याल का’ म्हणते! बानाबाईला अजूनच मेल्याहून मेल्यासारखं झालं. “व्हय व्हय, देते की,” म्हणून ती घरात पळाली.

दुसऱ्या दिवशी ती चाक पदराला बांधून शहागंजच्या बाजारात एका दुकानात गेली. दुकानदाराने चाक उलटसुलट करून पाहिलं आणि हसला. “मावशी, ही मशीन बनवणारी कंपनी कधीच बंद पडली. आता याचा पार्ट कुठं मिळायचा? नवी स्टीलची घेऊन जा.”

“नवी घिऊन काय करू? मोडलीय जुनी,” बानाबाई म्हणाली. दुकानदाराला त्यातलं काही कळलं नाही.

शेवटी गोष्ट घरात फोडावी लागली. आप्पा एका कंपनीच्या गेटवर वॉचमन, त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, “जाऊन खरं सांग अन् मोकळी व्हय.” हा सल्ला बानाबाईने कानाआड केला. मुलगा अजिनाथ मात्र कामाचं बोलला. तो चिकलठाणा एमआयडीसीत मोनिका मॅडमकडे कामाला होता. त्यांचा धंदाच असा, की ज्या मशिनींचे पार्ट कंपन्यांनी बनवायचे बंद केले, ते पार्ट लोक घेऊन यायचे. मोडके, झिजके, कसेही. हे लोक स्कॅनरने त्यांचं माप घ्यायचे, कॉम्प्युटरवर तो पार्ट नव्याने उभा करायचे आणि तसाच दुसरा कापून द्यायचे.

“माय, चाक दे इकडं. मी नेतो,” तो म्हणाला.

“तू नको. मी येते संगं,” बानाबाई म्हणाली. एकदा हातून मोडलेली वस्तू ती पुन्हा कुणाच्या हाती देणार नव्हती. शिवाय चार लोकांपुढे सगीराचं चाक मेणचट कसं न्यायचं, म्हणून सकाळी उठून तिने ते चिंच आणि राखेने असं घासलं की त्यात तोंड दिसावं.

तिथेच पहिली माशी शिंकली. मोनिका चाळिशीच्या आतली, केस वर बांधलेली, चपळ बाई. तिने चाक पाहून कपाळाला हात लावला. “अहो मावशी, एवढं चमकवलंत कशाला? चमकणारी वस्तू आमच्या स्कॅनरला दिसत नाही. उजेड सगळा इकडंतिकडं उधळून देते.”

मग तिने एका डब्यातून चाकावर पांढरी पावडर फवारली. आपल्या मेहनतीवर पावडर पडताना पाहून बानाबाईला वाईट वाटलं. “नवरीला लावल्यावानी लावली की,” ती पुटपुटली. “पुसली जाईल ना?”

“आपोआप उडून जाते, मावशी.”

अजिनाथने चाकाभोवती गोल ठिपके चिकटवले, हातात इस्त्रीएवढं यंत्र घेतलं आणि त्यातून निघणाऱ्या निळ्या रेघा चाकावरून फिरवायला लागला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर चाक एकेक दाताने उगवत गेलं. बानाबाई मान वाकडी करून बघत होती. पोरगा रोज सकाळी डबा घेऊन नेमकं काय करायला जातो, हे तिला आज पहिल्यांदा दिसलं. मेंढरू चाचपून त्याचं दुखणं सांगणारे तिचे वडील असेच हळू हात फिरवायचे. तिला पोराचं कौतुक वाटलं.

“मॅडम, हे बघा,” अजिनाथ म्हणाला. “मोडलेल्या दोन दातांशेजारचा हा एक दात बाकीच्यांपेक्षा जाड आहे.”

मोनिका पडद्यावर वाकली. चाक फिरवून फिरवून पाहिलं. “हे कंपनीचं नाहीच. कुणीतरी मागाहून बनवलंय. एकेक दात पाडत गेलाय माणूस, दर वेळी केसभर चुकत, आणि ती सगळी चूक शेवटच्या दातावर येऊन बसलीय. चपात्यांचे उंडे करताना शेवटचा कसा मोठा राहतो, तसं. मावशी, मशीन दर फेऱ्याला अडत असेल ना?”

“लई अडती,” बानाबाईच्या तोंडून गेलं, आणि लगेच तिने जीभ चावली. सगीराच्या वस्तूला तिने आजवर नाव ठेवलं नव्हतं.

पण डोक्यात लख्ख उजेड पडला. सगीराचे मालक कय्युमभाई टर्नर. जन्मभर लेथवर काम करून आता घरी बसलेले. हे चाक त्यांनीच आपल्या हाताने घडवलेलं असणार! म्हणजे मोडलं ते नुसतं सगीराचं चाक नाही, तर तिच्या नवऱ्याच्या हातचं काम. बानाबाई तिथल्या खुर्चीत मटकन बसली. मोनिकाने पाणी दिलं ते ती घटाघटा प्यायली.

अजिनाथने मोडक्या दातांच्या जागी चांगल्या दातांची नक्कल बसवली, जाड दात कापून सारखा केला, आणि शेजारच्या वर्कशॉपमधून पोलादाचं नवं चाक कापून आणलं. संध्याकाळी घरी मशीनला बसवलं. बानाबाईने दांडा फिरवला. दांडा असा फिरला, की जसा लोण्यात. कुठे अडणं नाही, हिसका नाही. तिचं मनगट सवयीने हिसका द्यायला गेलं आणि हवेतच फसलं.

“कसं झालंय?” अजिनाथने छाती फुगवून विचारलं.

“वाट्टोळं झालंय!” बानाबाई म्हणाली. “अरं, पयल्याच फेऱ्याला भाभी ओळखंल. आपल्या मशीनची खोड तिला म्हाईत नसंल व्हय? परत कर. तो जाड दात परत घाल.”

“माय, चुकीचा दात मुद्दाम घालू?”

“व्हय. जसा व्हता तसाच. जेवढा जाड व्हता तेवढाच.”

“त्यापरीस खरं सांग की.”

“तू बापावर जाऊ नको.”

दुसऱ्या दिवशी हे ऐकून मोनिका पोट धरून हसली. चूक शोधून दुरुस्त करून द्या म्हणणारी गिऱ्हाइकं तिने खूप पाहिली होती. चूक मापात बसवून द्या म्हणणारं हे पहिलंच. पण बाई दिलदार. तिने जाड दाताचं चाक कापून दिलं, आणि सारख्या दातांचं अजिनाथच्या खिशात राहिलं. बानाबाईने नव्या चाकाला तव्याची काजळी आणि तेल चोळून चोळून म्हातारं केलं. चोराच्या मनात चांदणं असतं ते असं.

ईद दोन-तीन दिवसांवर आलेली. दुपारी मशीन धडप्यात गुंडाळून, वर शेवयांची परडी ठेवून ती सगीराकडे गेली. वजन आहे म्हणून मशीन उचलायला अजिनाथ सोबत. कय्युमभाई खुर्चीत तसबीहची माळ घेऊन बसले होते. रोज्याची दुपार, त्यामुळे चहापाण्याचा प्रश्न नव्हता. बानाबाईला तेवढंच बरं.

सगीराने मशीन बाकाला आवळली. दांडा धरला. बानाबाई तिच्या मनगटाकडे डोळे लावून बसली. दांडा फिरला, अडला, सगीराच्या मनगटाने तोच हलका हिसका दिला आणि दांडा पुढे गेला. पुन्हा फिरला, अडला, हिसका. सगीराला काही कळलं नाही. बानाबाईचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात सगीरा तिच्याकडे वळून म्हणाली, “किती जपता हो बानाबाई तुम्ही मशीनला. पुसून, तेल लावून. अल्ला तुमच्या हाताला बरकत देवो.”

नसती बोलली ती एवढं, तर निभावून गेलं असतं. लबाडी पचवायला बानाबाई तयार होती. लबाडीवर दुवा घ्यायला तिचं मन धजेना. तिच्या डोळ्यांतून टपटप पाणी गळायला लागलं. “भाभी, मी मोडली ओ तुमची मशीन. हे चाक दुसरं हाय. शहागंजात मिळालं नाय, म्हणून एमआयडीसीत अजिनाथनं बनवलंय, वर मी काजळी चोळलीय. तुम्हाला कळू नये म्हणून अडणारा दात सुदिक तसाच घातलाय. कय्युमभाईंच्या हातचं व्हतं, माझ्या हातानं गेलं. काय बोलायचं ते बोला, पण बोलणं टाकू नका.”

सगीराच्या हातात दांडा तसाच राहिला. ती कय्युमभाईंकडे बघायला लागली. कय्युमभाई छताकडे.

“माझी मशीन?” सगीरा म्हणाली. “अहो बानाबाई, ही मशीन तर तुमची आहे ना!”

“मपली कशानं? मी पयल्यांदा बघितली तीच तुमच्या ओट्यावर.”

“ओट्यावर तुम्ही ठेवली म्हणून तर मी उचलली! अन् नंतर तुमच्याकडं पोचवली. आमरीन छोटी होती तवा माझ्याच्यानं हेच चाक तुटलं. मी रडरड रडले, बानाबाईची चीज तोडली म्हणून. मग यांनी दुसरं बनवलं चोरून. दर फेऱ्याला ते अडायचं अन् दर फेऱ्याला मी मनात तोबा तोबा करायची.”

“मई तो रोज वाट बघायचो,” कय्युमभाई हळूच म्हणाले. “शेवटच्या दाताला माझा हिशोब चुकला होता. वाटायचं, आज बानाबाई बोलतील, उद्या बोलतील. बोलल्याच नाय. मी म्हटलं, जमलं वाटतं.”

“मग मशीन कुणाची?” अजिनाथने विचारलं. एवढ्या जणांत तेवढाच सरळ प्रश्न होता.

कय्युमभाईंनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. “तो कडुबा होता बघा, रेल्वेतला, कोपऱ्यावर राहायचा. बदली होऊन चालला तवा मला मशीन दिली. बोलला, दोनी घरांनी मिळून वापरा. मी ओट्यावर ठेवली अन् ड्युटीला गेलो. चाक तुटलं तवा पण चाकाच्याच फिकिरीत होतो. सांगायचं राहून गेलं.”

“राहून गेलं?” दोघी बायका एका सुरात ओरडल्या. कय्युमभाईंना एकदम नमाजची आठवण झाली आणि ते आत गेले. नमाजला अजून बराच अवकाश होता.

आता दोघींनी हसायला हवं होतं. बानाबाई हसलीही. पण सगीरा हसेना. तिचा चेहरा लाल झाला होता. “बानाबाई, एक बोलू? मला एवढं परकं समजलात तुम्ही? एका चाकासाठी मी तुमच्याशी बोलणं टाकलं असतं? शहागंज काय, एमआयडीसी काय, काजळी काय लावली, अन् भिंतीपलीकडं एक हाक मारायला झालं नाय तुमच्याच्यानं?”

“अन् तुम्ही?” बानाबाईचा आवाज चढला. “तुम्ही मारली व्हती का हाक? तुम्ही पण चोरूनच चाक बसवलं की! ते पण वाकडं! माझं मनगट गेलं हिसके देऊन देऊन!”

शब्द बाहेर पडले आणि बानाबाई जागच्या जागी थिजली. बहिणीला दोन शब्द बोलली तो हाच आवाज होता. आता दार लागणार. तिने अजिनाथचा हात घट्ट धरला.

“तुमचं मनगट?” सगीरा कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “माझ्या मनगटाला बाम कोण लावतं विचारा यांना! अन् बोलायचंच तर ऐका. तुमच्या कुरडयांत मीठ लई असतं. दर साली. मी आपली गपचूप भिजवून पाणी फेकते अन् मग खाते.”

“तुमच्या शीरखुर्म्यात साखर किती असती, ते आप्पांला विचारा! दोन दिस पाणी मागत्यात!”

“मग सांगायचं नाय का, अगे बाई? तोंड नव्हतं तुला?”

“तुला व्हतं का?”

गल्लीतल्या दोघी-तिघी दारात येऊन उभ्या राहिल्या. या दोन घरांतून भांडणाचा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता. अजिनाथने बघितलं, की आता आपलं इथे काही काम नाही. त्याने खिशातलं सारख्या दातांचं चाक काढलं, जाड दाताचं उतरवून ते मशीनला बसवलं, आणि तो बाहेर पडला. दोघींपैकी एकीनेही त्याच्याकडे पाहिलं नाही. पापडखार, उसनं विरजण, आमरीनच्या लग्नात न नेसलेलं लुगडं, असं बरंच काही अजून निघायचं बाकी होतं.

दिवेलागणीला बानाबाई घरी आली. आप्पा ड्युटीवरून येऊन हातपाय धूत होते.

“सांगितलं का?” त्यांनी विचारलं.

“सांगितलं.”

“मग? काय म्हनली?”

“लई भांडली,” बानाबाई म्हणाली. “मला काय काय बोलली. कुरडया खारट म्हनली. कणीक घट्ट मळती, म्हणून चाक मोडलं म्हनली. सकाळच्याला येणार हाय माझ्याकडं, सैल कशी मळायची ते दाखवाया.”

बोलता बोलता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आप्पा घाबरले. त्यांना वाटलं, प्रकरण भलतंच वाढलं. “एवढं बोलली? मी येऊ का जाऊन?”

“नगा,” बानाबाई पदराने डोळे पुसत म्हणाली, आणि तिला हसूही आवरेना. “दार नाय लावलं ओ तिनं. एवढं भांडली, पण दार नाय लावलं.”